मन्मथआप्पा आणि खरखर

घाटनांदूरला मला राहायला खोली मिळाली ती माझ्या आवाजावर. लोक ओळखीवर खोली देतात, जात विचारून देतात. मन्मथआप्पांनी आवाज ऐकून दिली. शाळेत विज्ञान शिकवायला मी नुकतीच बीडहून आले होते. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की घरमालकांना एकाएकी पुतण्याचं लग्न आठवायचं. अशी दोन घरं पालथी घालून तिसऱ्या घरी गेले, तर ओसरीवर साठीचा एक माणूस उघड्या पेटीत डोकं घालून बसलेला. पेटी म्हणजे हार्मोनियम. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"पुन्हा म्हना," ते म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं, या वेळी जरा तिरसटपणे.

"पहिल्यांदा म्हनलात ते बरं व्हतं. राहा. आवाजात खोट न्हाई तुमच्या." मग आत तोंड करून, "अगं, बाई आल्यात. चहा टाक."

झाला करार. पुढची सात वर्षं मी त्या घरात काढली आणि एकदाही मला कुणी भाडेकरू म्हटलं नाही.

आप्पा अंगानं किरकोळ. पांढरं धोतर, बाह्या दुमडलेला सदरा, कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. सदऱ्याच्या वरच्या खिशात एक काड्यापेटी, आणि तिच्यात कापसावर निजवलेली पितळेची एक पट्टी. पेटीत वाजतो तो सूर म्हणजे अशीच पट्टी. ही त्यांच्या वडिलांनी स्वतः जुळवलेली, काळी चार या सुराची. तोंडाशी धरून तिच्यावर फुंकर घातली की जो आवाज येई तो आप्पांच्या मते जगातला एकमेव खात्रीचा आवाज. बाकी सगळं तपासून घ्यायचं.

ते खरोखरच सगळं तपासून घेत. एसटी स्टँडवर गाडी शिरली की घरात बसून सांगत, परळीची आहे की अंबाजोगाईची. भाजी घ्यायला गेले तर दुधी भोपळ्यावर टिचकी मारून बघत आणि खाली ठेवत. घरातल्या तांब्या-पेल्यांनासुद्धा त्यांनी सूर नेमून दिले होते. मोलकरणीनं पेला आपटला की "पांढरी दोन फुटली" म्हणून ओरडत. त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, कपाळाला हात लावून मला म्हणायची, "बाई, लग्न झालं तवा मला वाटलं मानूस लई शांत हाय. शांत कशाचा, ऐकत बसलेला असतुय!"

कामाची पद्धत त्यांची स्वतःची. पेटी आली की आधी तीन दिवस तिला हात लावायचा नाही. ओसरीवर नुसती ठेवून द्यायची. "परगावची हाय. हितली हवा लागू द्या." चौथ्या दिवशी खोलायची, भाता तपासायचा, कातडं बदलायचं. सूर सगळ्यात शेवटी. बारीक कानशीनं ते पट्टीवर एक तिरकी रेघ ओढत. टोकाशी ओढली तर सूर चढतो, बुडाशी ओढली तर उतरतो. एक रेघ, एक फुंकर, पुन्हा एक रेघ. दोन सूर एकत्र वाजवले आणि त्यांत किंचित फरक असला तर आवाज झोका घेतल्यासारखा हलतो. हा झोका पूर्ण थांबेपर्यंत आप्पा जेवायला उठत नसत. आक्का दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा ताटावर पालथं ताट घालून ठेवायची.

आमच्या शाळेची आणि त्यांची गाठ मी येण्याआधीच पडलेली होती. रस्त्यानं जाताना त्यांनी प्रार्थना ऐकली, फाटकातून आत आले, सगळी शाळा हात जोडून उभी असताना रांगांमधून चालत पुढे गेले, संगीताच्या सरांच्या बोटांखालून पेटी उचलली, काखोटीला मारली आणि चालते झाले. हेडमास्तर मागे धावले. "आप्पा, अहो, प्रार्थना चालू आहे!" तर म्हणाले, "चालू द्या की. देव काय पेटी ऐकून येतो व्हय? पन हिला ऐकून जाईल." आठ दिवसांनी पेटी परत आली. पैसे घेतले नाहीत. सहा महिने हेडमास्तरांशी बोलले मात्र नाहीत, कारण इतकी वर्षं ती तशी वाजू दिली हा गुन्हा त्यांच्या हिशेबी मोठा होता.

गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. सप्ताहाचे दिवस जवळ आले की ओसरीवर पेट्यांची रांग लागे. दिंद्रुडचे ज्ञानोबा तर पेटी मांडीवर घेऊन, परळीला गाडी बदलून यायचे. वाटेत तिला धक्का लागू नये म्हणून स्वतः खिडकीच्या गजाला हात रोवून बसायचे. वाटेत दुरुस्ती करणारे दुसरे नव्हते असं नाही. पण पेटी आप्पांच्या हाताखालून गेली नाही तर सप्ताहाला उभं राहायची त्यांना लाज वाटायची. "आप्पाचा हात लागला की पेटीला अंघोळ घातल्यावानी वाटतं," ज्ञानोबा म्हणायचे.

या माणसाला एकच दुःख होतं: रेडिओची खरखर.

रोज सकाळी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत लागे, तेव्हा आप्पा अंघोळ-पूजा उरकून रेडिओपुढे बसत. पण मी आले त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्यांना ती खरखर सोसेना. "मोहरी तडतडून झाल्यावर तेल कसं सूं करत राहतं, तसं चालूच असतंय," ते सांगत. आधी दोष परळीच्या वीज केंद्राकडून येणाऱ्या तारांना गेला. मग गावात मोबाईलचा मनोरा उभा राहिला, त्याला गेला. मग केबलवाल्याला, माझ्या खोलीतल्या ट्यूबलाइटला, पिठाच्या गिरणीला. गाव तेव्हा झपाट्यानं नवीन होत होतं, त्यामुळे दोष द्यायला वस्तूंची वाण नव्हती. एका सकाळी ते तरातरा शेजारच्या घरी गेले आणि सूनबाईला म्हणाले, "पोरी, कशापायी सकाळी सकाळी मिक्सर लावून बसतीस? ऐकू दे की जरा."

"आप्पा, दोन तासापासून लाइट न्हाई," ती म्हणाली. "मिक्सर कसा चालंल?"

आप्पांनी उंबऱ्यातूनच कान आत लावला. मग म्हणाले, "मग कुठून येतीय?" आणि परत आले. त्यांचा रेडिओ सेलवर चालायचा. त्या दिवशी शेजारीपाजारी पोट धरून हसले. मीही हसले. आज ते हसू आठवलं की लाज वाटते, कारण त्यांचं उत्तर त्यांच्या हातात आलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी त्याची गंमत केली.

उपग्रह रेडिओची जाहिरात त्यांना मीच वाचून दाखवली. हे मला कुणावर ढकलता येत नाही. पेपरात अर्ध्या पानाची होती: थेट आकाशातून, चाळीसेक केंद्रं, चोवीस तास शास्त्रीय संगीताचं वेगळं केंद्र, आणि खाली ठळक अक्षरांत, खरखर अजिबात नाही. आप्पांनी शेवटची ओळ तीनदा वाचायला लावली. दिवाळीच्या सुट्टीत मी प्रशिक्षणाला पुण्याला जाणार होते. त्यांनी माझ्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाले, "बाई, तुमी सायन्सच्या. नीट बघून आना."

आणला. जेवणाच्या डब्याएवढा संच, हातात धरून कुठंही नेता येईल असा. सोबत पाटीच्या आकाराचा चौकोनी अँटेना, आणि वायर. हिरव्या छोट्या पडद्यावर केंद्राचं नाव उमटायचं. आवाज असा की गाणारा माणूस ओसरीवर येऊन बसलाय की काय असं वाटावं. गुण संपले. आता अवगुण. त्या पाटीला उघडं आकाश दिसलं पाहिजे, तेही आग्नेयेचं, दसऱ्याच्या सुमारास सकाळी दहाला सूर्य असतो तेवढ्या उंचीवरचं. घरात नेला की मुका. झाडाखाली मुका. अंगणातल्या लिंबाची फांदी वाऱ्यानं आडवी आली की गाणं तानेच्या मध्यातच तुटायचं आणि फांदी सरली की पुढून चालू व्हायचं. सेल तर असे खायचा की आक्का म्हणाली, "ह्याच्यापेक्षा म्हैस परवडली आसती." वर दरवर्षी वर्गणी. आणि एवढं करून परभणीच्या केंद्रावरच्या शेतकऱ्यांच्या गप्पा नाहीत, बातम्या नाहीत, बायकांची गाणी नाहीत. आख्ख्या जगाचं ऐकू येणार, आपल्या जिल्ह्याचं सोडून.

पण मला हेही ठाऊक होतं की या यंत्रात खरखर येऊच शकत नाही. साध्या रेडिओत आवाज हळूहळू बिघडत जातो. इथं डिजिटल, म्हणजे आकड्यांचा कारभार. आवाज येईल तर पुरा येईल, नाहीतर मुळीच येणार नाही. अधलंमधलं काही नाही.

पहिल्या दिवशी अंगणात बाजेवर संच ठेवला. आक्का, शेजारची सूनबाई, मी, आणि योगायोगानं पेटी घ्यायला आलेले ज्ञानोबा. मी पाटी फिरवून फिरवून जागा लावली. तानपुरा सुरू झाला. इतका स्वच्छ तानपुरा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ज्ञानोबांनी नकळत हात जोडले. आप्पांनी डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सणाच्या दिवशी पहिला घास घेतलेल्या माणसाकडे स्वयंपाक केलेली बाई बघते, तसे.

आप्पांनी डोळे उघडले. चेहरा उतरला होता.

"हाय," ते म्हणाले. "आजून हाय. बारीक हाय, पन हाय."

त्यांनी एकेकाकडे बघितलं. "तुमाला येत न्हाई?"

पहिल्यांदा आक्का बोलली. "येतीय की जराशी."

ज्ञानोबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "थोडी हाय, आप्पा. हाय."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विज्ञानाची शिक्षिका. पोरांना फळ्यावर "आधी निरीक्षण, मग निष्कर्ष" लिहून देणारी. आणि मी म्हटलं, "हो आप्पा. बारीक येतेय. पाटीची दिशा चुकत असेल."

त्यांचा चेहरा लगेच उजळला. दोष यंत्राचा होता. खरखर सगळ्यांना ऐकू येत होती. ते कसे सुटल्यासारखे हसले, ते मी विसरू शकत नाही. त्या हसण्यासाठी त्या क्षणी मी काहीही खोटं बोलले असते.

ज्ञानोबांना एसटीपर्यंत सोडायला मी गेले. पेटी त्यांच्या खांद्यावर. स्टँडवर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमाला म्हनून सांगतो. मी हितून लातूरला चाललोय."

"दिंद्रुडला नाही?"

"पेटी लातूरला दावून मग दिंद्रुडला. दोन वर्सं झाली. वरचे सूर आप्पाच्या हातून चढे राहायलेत. कीर्तनकार बुवा भर सप्ताहात बोलला मला. पन हितं न आनता परस्पर कसं नेऊ? म्हनून आधी हितं आनतो, आप्पाचा हात लागू देतो, आन् मग तिकडं नीट करून घेतो."

"फक्त तुम्हीच?"

"सगळेच की," ज्ञानोबा म्हणाले. "तुमाला म्हायती न्हाई व्हय?"

म्हणजे असा तो रिवाज पडून गेला होता, कुणी कुणाला न सांगता. पंधरा-वीस गावं आपापली पेटी वाजतगाजत आप्पांकडे आणत, पानसुपारी ठेवत, मजुरी देत, आणि परत जाताना वाकडी वाट करून दुसऱ्याकडून सूर लावून घेत. मला तेव्हा हे फार सुंदर वाटलं होतं. आमच्या भागातली माणसं तोंडानं फटकळ, पण कुणाचा मान राखायचा म्हटलं की लातूरच्या तिकिटाचा विचार करत नाहीत, असं मी कौतुकानं बहिणीला पत्रातसुद्धा लिहिलं होतं. आता वाटतं, आम्ही त्यांना त्यांच्याच घरात एकटं पाडलं होतं.

पुढचे काही महिने आप्पा पाटी घेऊन अंगणभर फिरत राहिले. लिंबाची फांदी छाटली. पाटी घराच्या माळवदावर चढली, मग शाळेच्या गच्चीवर. खरखर काही जाईना. शेवटी त्यांनी मला कंपनीला पत्र लिहायला सांगितलं. त्यांचं अक्षर बरं नव्हतं, गावातली निम्मी पत्रं मीच लिहायची. "मा. महोदय, आपल्या संचातून सतत बारीक खरखर ऐकू येते, ती घरातील सर्वांना ऐकू येते..." मी लिहीत होते आणि ते खाटेवर बसून मान डोलवत होते. "'सर्वांना' खाली रेघ मारा," ते म्हणाले. मी मारली. अशी तीन पत्रं लिहिली. तिन्ही माझ्या हातची.

तिसऱ्या पत्राला माणूस आला. लातूरच्या दुकानाचा, तिशीतला, गॉगल लावलेला, फटफटीवरून. नेमके त्या दिवशीही ज्ञानोबा आलेले. सप्ताह तोंडावर होता. त्या माणसानं संच लावला, दोन मिनिटं ऐकलं, पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या बघितल्या आणि म्हणाला, "काका, फस्टक्लास चालू आहे. कुठं आहे खरखर?"

"ही काय," आप्पा म्हणाले. "येतीय की."

"यात खरखर येत नसती, काका. हे साध्या रेडिओसारखं नाही. आलं तर पूर्ण येतं, नाहीतर गप बसतं."

"मग ही काय हाय?"

तो बिचारा परका. त्याला आमचा रिवाज ठाऊक नव्हता. त्यानं हात पुढे केला आणि संच बंद केला. "आता?"

अंगण शांत झालं. लांब स्टेशनात मालगाडी उभी होती, तीसुद्धा वाजत नव्हती. आप्पा ऐकत राहिले. मग ते इतक्या हळू बोलले की आधी मला वाटलं ते स्वतःशीच बोलताहेत.

"येतीय."

त्यांनी आक्काकडे बघितलं. आक्कानं पदर तोंडाशी नेला. ज्ञानोबांकडे बघितलं. ज्ञानोबा खाली बघत होते. मग माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "तुमी तर लिहून दिलतं."

मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत. वरिष्ठांनी भर सभेत उभं केलंय. पण या वाक्याइतकं मला काहीच लागलं नाही. त्यात राग नव्हता. एखादा पोरगा शिकवलेलं चुकलं म्हणून वही पुढे करतो, तसे ते विचारत होते. त्या माणसानं पावतीवर सही घेतली आणि फटफटी चालू करून गेला.

अंबाजोगाईला दवाखान्यात दाखवलं. कानाची नस सुकत चालली आहे, डॉक्टर म्हणाले, आणि खरखर आहे ती आतली. ही थांबणार नाही, वाढेल. मग त्यांनी विचारलं, कधीपासून? आक्का म्हणाली, तीन-एक वर्षं झाली असतील. "आधी यायचं होतं," डॉक्टर म्हणाले. सगळेच डॉक्टर असं म्हणतात. आधी गेलो असतो तर काही फरक पडला असता का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

परत आल्यावर आप्पांनी एकच गोष्ट मनावर घेतली. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या हातून बिघडलेल्या पेट्या गावोगाव गेल्या आहेत, त्या वाजताहेत, आणि आपण जाऊन माफी मागितली पाहिजे. आक्कानं मला सोबत जायला सांगितलं. एका रविवारी आम्ही परळीला गाडी बदलून दिंद्रुडला गेलो. वाटेत मला त्यांना सांगता आलं असतं. दोन तास होते. तेवढ्यात नुसतं "आप्पा, पेटी ठीक आहे, नका जाऊ" एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण तसं म्हणायचं तर "ठीक कुणी केली" तेही सांगावं लागलं असतं.

ज्ञानोबांनी मंदिराच्या ओट्यावर सतरंजी घातली आणि पेटी आणून ठेवली. आप्पांनी ती वाजवली नाही. सरळ खोलली आणि सुरांची फळी उन्हाकडे तिरपी धरून बघत बसले. माझ्या लक्षात आलं नाही काय बघताहेत. मग त्यांनी बोट ठेवलं. पितळेवर त्यांच्या स्वतःच्या तिरक्या रेघा होत्या, आणि त्यांना छेदून दुसऱ्या कुणाच्या सरळ, आडव्या, ताज्या रेघा. वरच्या सगळ्या पट्ट्यांवर.

"ह्यो हात माझा न्हाई," ते म्हणाले.

ज्ञानोबांचे डोळे भरून आले. "आप्पा, तुमचा मान..."

"चांगला हात हाय," आप्पा म्हणाले. "लातूरचा का? हळू वढतो. घाई न्हाई त्याला." त्यांनी फळी जागेवर बसवली, स्क्रू आवळले, सदऱ्याच्या टोकानं पेटी पुसली. चहा घेतला. निघताना ज्ञानोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोनदा खर्च करायलात व्हय रे माझ्यापायी? आता सरळ तिकडंच ने."

आणखी दोन गावं त्यांनी केली. मी सोबत नव्हते. दोन्हीकडे तेच, दुसऱ्याच्या रेघा. चौथ्या गावाला ते गेले नाहीत.

ओसरीवरची पेट्यांची रांग पुढे आखूड झाली, पण अगदी संपली नाही. ते भात्याचं काम करत राहिले. कातडं, कापड, कमानी, खिळे. ते हाताचं काम, त्याला कान लागत नाहीत. सूर लावायचे असले की स्वतःच चिठ्ठी बांधून लातूरला धाडत. आमच्याशी त्यांनी कधीच तो विषय काढला नाही. फक्त एक बदल झाला. आधी ते कुणालाही सहज विचारत, "कसा वाटला आवाज?" आता विचारेनासे झाले.

मग माझी बदली झाली, केजकडे. निघताना मी त्यांच्या पाया पडले आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "मोठ्यानं बोला बाई, ऐकू येत न्हाई." मला जे बोलायचं होतं ते मोठ्यानं बोलण्याजोगं नव्हतं.

नंतर वर्षाकाठी एखादी फेरी व्हायची. दरवेळी ऐकणं थोडं कमी झालेलं. संच मात्र चालू असायचा. आक्का त्यांच्या उजव्या कानाशी बसून सांगायची, आता बाई गातीय, आता तबला लागला, आता सारंगी. तिला रागदारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सांगून सांगून ती वाकबगार झाली होती. "आता गडी दमला बघा, सावकाश गायलाय," ती म्हणायची, आणि आप्पा डोळे मिटून हसायचे. संचावर हात ठेवून त्याची थरथर घेत बसायचे.

शेवटची गेले ती कंपनीनं आपल्याकडची सेवा बंद केल्याची बातमी पेपरात वाचली, त्यानंतर महिन्याभरानं. मनात म्हटलं, आता ते काय करत असतील? सकाळची वेळ होती. अंगणात बाज, बाजेवर संच, पाटी आग्नेयेकडे तोंड करून. आप्पांचा हात संचावर. आक्का कानाशी.

"तानपुरा लावलाय बघा," ती सांगत होती. "लई गोड वाजायलाय."

मी जवळ गेले. पडदा काळा होता. संच मेलेला. मला बघून आक्का उठली, तिच्या डोळ्यांत विनवणी होती. ती चहा टाकायला आत गेली.

मी आप्पांच्या उजव्या बाजूला बसले. ठरवलं होतं, या वेळी विचारलं तर खरं सांगायचं. त्यांनी विचारलंच.

"बाई, डबा बंद हाय ना?"

"हो आप्पा," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं. "कंपनीच बंद झाली. कुणाचाच लागत नाही आता."

त्यांनी मान हलवली. "हाताला कळलं मला. महिना झाला, थरथर न्हाई." मग म्हणाले, "तिला सांगू नका मला कळलंय म्हनून. सांगितलं की गप बसंल ती. तिचा आवाज जवळून आजून येतोय थोडा. त्यो बी जाईल. तवर बोलू द्या तिला."

आक्का चहा घेऊन आली. मी बाजूला सरकले. कप माझ्या हातात देऊन ती पुन्हा आपल्या जागी बसली, पदर सावरला आणि त्यांच्या कानाशी वाकली. "बाईंना बी ऐकू द्या की. आता सतार लागलीय. व्हय की न्हाई हो बाई?"

आप्पा माझ्याकडे बघत होते.

"हो आक्का," मी म्हटलं. "स्वच्छ येतेय."

फाटकाशी जाऊन मी वळून बघितलं. आक्का सांगत होती, हातवारे करून, सतारीचं काहीतरी लांबलचक. आप्पांचा एक हात संचावर होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ते गुडघ्यावर ताल धरून होते, ती जसजशी बोलेल तसतसा. मग मला गाडी गाठायची होती, म्हणून मी निघाले.